नळदुर्गचा टेलरसाहेब आणि त्याचें घर

धाराशीव जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, उमरगा तालुक्यांत, मुरुम हें गांव आहे. या सीमेवरच्या मुलखांत मराठी, कानडी आणि दखनी हिंदुस्थानी या तीन भाषा एकाच बाजारांत कानीं पडतात. मुरुमहून पश्चिमेकडे निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर नळदुर्गचा किल्ला लागतो. बोरी नदीला दगडी बांध घालून तिचें पाणी येथें तटाशीं खेळविलें आहे, आणि त्या बांधाच्या पोटांत पाणीमहालाचीं नाजूक दालनें खोदल्यासारखीं बसविलीं आहेत. दुसर्‍या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, हें काम झालें. पावसाळ्यांत नर आणि मादी या नांवाचे दोन प्रपात बांधावरून कोसळूं लागले, कीं आजही लांबलांबचे लोक तो देखावा पाहण्यास येतात.

याच किल्ल्यांत १८५३ पासून चार वर्षें एका इंग्रज अधिकार्‍याचा मुक्काम होता. त्याचें नांव फिलिप मेडोज टेलर. ठगांच्या कादंबरीचा कर्ता म्हणून त्याचें नांव सुशिक्षित वाचकाच्या परिचयाचें असतें. त्याचें आयुष्य मात्र त्या एका पुस्तकाहून पुष्कळच मोठें आहे. पंधराव्या वर्षीं घर सोडून सातासमुद्रापलीकडे आलेल्या मुलाचें, परमुलखांत लग्न करून संसार मांडणार्‍या तरुणाचें आणि अखेर कोठेंच घर न उरलेल्या वृद्धाचें तें आयुष्य आहे. परक्या देशांत नशीब काढावयास गेलेला मनुष्य काय मिळवितो आणि त्याची किंमत त्याच्या कुटुंबाला कशी द्यावी लागते, याचा हिशेब त्यांत स्पष्ट दिसतो.

हा हिशेब नीट समजावा म्हणून प्रथम एका दुसर्‍या मुलाची आठवण केली पाहिजे. १७१० सालीं जर्मनीच्या पॅलेटिनेट प्रांतांतील सुमारें तीन हजार निर्वासित लोकांना इंग्लंडच्या राणी ॲनच्या सरकारनें जहाजांत घालून न्यूयॉर्कला पाठविलें. त्यांत जॉन पीटर झेंगर नांवाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. वाटेंतच त्याचा बाप वारला. विधवा आईनें किनार्‍याला लागतांच मुलाला विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाच्या हाताखालीं आठ वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून ठेवलें. हाच मुलगा पुढें १७३३ सालीं एक साप्ताहिक छापूं लागला, गव्हर्नरावरील टीकेमुळें १७३४ सालीं तुरुंगांत गेला आणि १७३५ सालीं पंचांनीं त्याला निर्दोष ठरविलें. मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासांत तो खटला प्रसिद्ध आहे. परंतु येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. झेंगर कोठडींत असतां त्याचें पत्र बंद पडलें नाहीं, कारण त्याची बायको ॲना छापखाना चालवीत होती. १७४६ सालीं तो वारला, तेव्हां पत्र तिनें हातीं घेतलें आणि पुढें तें मुलाकडे गेलें. तेरा वर्षांचा पोरका मुलगा त्या भूमींत रुजला, त्याचा धंदा रुजला आणि त्याचें घराणेंही रुजलें.

अमेरिकेच्या किनार्‍यावर उतरणार्‍या युरोपियनाला परत जावयाचें नसे. हिंदुस्थानांत येणार्‍या युरोपियनाचा मार्ग अगदीं उलट होता. त्यानें येथें यावें, नोकरी करावी, जगला वांचला तर पेन्शन घेऊन परत जावें, असा कंपनी सरकारच्या काळचा शिरस्ता. त्याला जमीन घेऊन वसाहत करावयाची नव्हती. त्याला राज्य चालवावयाचें होतें. अमेरिकेंतही वसाहतकारांची ती जमीन मोकळी नव्हती. तेथील मूळ रहिवाशांना मागें रेटूनच ती मिळाली होती. तथापि त्या नव्या रहिवाशाच्या मुलांना पुढें ‘आपला देश’ म्हणण्याजोगा देश मिळाला. हिंदुस्थानांत मरेपर्यंत राबलेल्या साहेबाच्या मुलांना तो येथेंही मिळाला नाहीं आणि पुष्कळदां तेथेंही मिळाला नाहीं. टेलरची कथा ही या दुसर्‍या जातीची आहे.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजीं लिव्हरपूल येथें झाला. त्याचा बाप व्यापारी होता. आई नॉर्थंबरलंडमधील मिटफर्ड या जुन्या घराण्यांतील होती. बापाच्या व्यापाराला उतरती कळा लागली, आणि मुलाला लहानपणींच कामाला लावणें भाग पडलें. मुंबईंत बॅक्स्टर नांवाचा एक व्यापारी होता. मुलानें त्याच्या पेढींत काम शिकावें आणि एकविसाव्या वर्षीं भागीदार व्हावें, असा बेत ठरला. १८२४ च्या सप्टेंबरांत टेलर मुंबईच्या बंदरांत उतरला, तेव्हां त्याला सोळावें वर्षही पुरें झालें नव्हतें. उतरल्यावर पाहतो तों पेढीची स्थिति वर्णनाप्रमाणें मुळींच नव्हती. बॅक्स्टरचें दिवाळें निघण्याच्या बेतांत होतें. भागीदारीचा विचारच नको. पगार मिळण्याचीही शाश्वति नव्हती.

अशा वेळीं परदेशीं एकट्या पडलेल्या मुलाला एक दूरचा आप्त उपयोगीं पडला. मुंबई सरकारचा मुख्य चिटणीस न्यूनहॅम हा टेलरच्या आईकडील नातलग होता. त्याच्या खटपटीनें मुलाला हैदराबादच्या निजामाच्या लष्करांत जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस रवाना झाला. येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा, कारण टेलरच्या सबंध आयुष्यावर त्याची छाया पडलेली आहे. कंपनीच्या सनदी नोकरांचा वर्ग वेगळा. त्यांना मान, बढती आणि पेन्शन यांची हमी असे. निजामाच्या फौजेंतील युरोपियन अधिकारी हा स्थानिक नोकर मानला जाई. त्याचें काम तेंच असलें तरी पंगत निराळी असे. टेलर जन्मभर या दुसर्‍या पंगतींत बसला.

परंतु ज्याला वरची शिडी बंद असते, तो पुष्कळदां जमिनीवर नीट पाय रोवतो. टेलरनें हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी यांचा मनापासून अभ्यास केला. दुभाष्यावांचून शेतकर्‍याशीं, शिपायाशीं आणि दरबारी माणसाशीं बोलतां येणें ही त्या काळच्या साहेबांत विरळा गोष्ट होती. त्या जोरावरच विशीच्या आंतच त्याला निजामाच्या नैर्‍ऋत्येकडील मुलखांत पोलीसचा दुय्यम अधिकारी नेमण्यांत आलें. हाताशीं थोडे घोडेस्वार, आणि देखरेखीखालीं हजारों चौरस मैलांचा प्रदेश! या काळची एक गोष्ट त्यानें आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. यात्रेकरूंनीं त्याच्याकडे तक्रार केली कीं, दुकानदार पिठांत रेती मिसळतात. त्यानें दुकानांतून पीठ मागविलें, तपासलें आणि त्याचे गोळे करवून दुकानदारांनाच खाण्यास बसविलें. दंडापेक्षां ही शिक्षा लोकांना अधिक पटली यांत नवल नाहीं.

याच फिरतींत ठगांच्या टोळ्या त्याच्या अवतीभवतीं वावरत होत्या. पण त्याला पुरता सुगावा लागण्यापूर्वींच त्याला लष्करांत परत बोलावण्यांत आलें. पुढें स्लीमननें मध्य हिंदुस्थानांत ठगांचा शोध लावून नांव मिळविलें, तेव्हां ती संधि आपल्या हातची गेली याची टेलरला कायमची रुखरुख लागून राहिली. पकडलेल्या ठगांच्या जबान्या घेण्याचें काम मात्र त्याच्याकडे आलें, आणि त्या जबान्यांतूनच त्याच्या प्रसिद्ध कादंबरीचें बीज पडलें.

आतां त्याच्या घराकडे वळूं. हैदराबादेंत टेलरचें लग्न मेरी पामर हिच्याशीं झालें. हें सासर साधें नव्हतें. तिचा आजा जनरल विल्यम पामर हा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. १८०० सालीं नाना फडणीस निवर्तले, तेव्हां त्यांच्याबरोबर मराठी राज्यांतील शहाणपण आणि नेमस्तपणा लोपला, असा अभिप्राय ज्यानें कळविला तो हाच पामर. त्याची जीवनसोबतीण फैज बक्ष बेगम ही उत्तरेकडील एका खानदानी मुसलमान घराण्यांतील होती. त्यांचा मुलगा विल्यम पामर. आणि या विल्यमची कन्या ती मेरी. म्हणजे टेलरच्या मुलींच्या अंगांत पणजीकडून हिंदुस्थानचें रक्त होतें.

फैज बक्षच्या मुलाच्या पिढीचें दुःख असें कीं, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या काळांत कंपनीनें हिंदी मातांच्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी नोकर्‍यांचीं दारें बंद केलीं. बाप जनरल असला तरी मुलाला कंपनींत जागा नाहीं! म्हणून धाकटा विल्यम पामर निजामाच्या चाकरींत शिरला आणि पुढें हैदराबादेंत त्यानें सावकारी पेढी उघडली. पामर कंपनीचें नांव दख्खनभर गाजलें. औरंगाबाद व वर्‍हाड येथील निजामाच्या फौजेचे पगार भागविण्यासाठीं ही पेढी मोठ्या व्याजानें रकमा पुरवीत असे, आणि त्या रकमेच्या फेडीसाठीं जिल्ह्यांचें उत्पन्न तिच्याकडे लागे. १८२० सालीं तिनें साठ लाखांचें कर्ज उभें केलें. रेसिडेंट मेटकाफ याला हा व्यवहार राज्याचा गळा आवळणारा वाटला. त्यानें विरोध केला, आणि टेलर मुंबईस उतरला त्याच सुमारास ही पेढी बुडाली. पैसा गेला, तरीही विल्यम पामर हैदराबाद सोडून गेला नाहीं. १८६७ सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. जावई पुढें परत गेला, सासरा मात्र येथलाच होऊन राहिला, कारण त्याला परत जाण्यासारखें दुसरें घरच नव्हतें.

१८३७ सालीं टेलर दीर्घ रजेवर इंग्लंडास गेला. तेथें १८३९ सालीं त्याची ठगांवरील कादंबरी प्रसिद्ध झाली. अमीर अली नांवाचा ठग स्वतःच्या तोंडानें आपल्या जन्माची कहाणी सांगतो, अशी तिची रचना आहे. पुस्तक छापलें जात असतांनाच व्हिक्टोरिया राणीनें त्याचे फर्मे मागवून वाचले. टेलर एका रात्रींत प्रसिद्ध झाला. आजचा अभ्यासक या पुस्तकाकडे अधिक सावधपणें पाहतो. ठगांच्या टोळ्या होत्या हें खरें. पण सबंध देश त्यांनीं व्यापला होता, ही समजूत पसरविण्यांत अशा पुस्तकांचा वांटा होता, आणि ती समजूत परकी राज्याला सोयीचीही होती. तथापि, त्यांतील रस्ते, धर्मशाळा, बाजार आणि बोलण्याची ढब हीं प्रत्यक्ष पाहणार्‍या व ऐकणार्‍या माणसाचीं आहेत, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं.

१८४० सालीं तो परत आला, आणि त्यानंतर वीस वर्षें युरोपांत गेला नाहीं. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा तो हिंदुस्थानांतील बातमीदार होता. पण त्याचें खरें काम शोरापूर संस्थानांत होतें. शोरापूर आजच्या कर्नाटकांतील यादगीर जिल्ह्यांत येतें. तेथील बेडर राजा वारला, मुलगा व्यंकटप्पा नायक लहान होता, आणि राणी ईश्वरम्मा व दरबारी मंडळी यांच्यांत तंटे माजले होते. टेलरला तेथें कंपनीचा प्रतिनिधि म्हणून नेमण्यांत आलें. त्यानें संस्थानाचें कर्ज फेडलें, तलाव बांधले, रस्ते केले आणि सैन्यावांचून बंडाळी शमविली. त्याचा तेथील बंगला टेलर मंझिल या नांवानें ओळखला जातो. बालराजा त्याला ‘अप्पा’ म्हणे. मराठी किंवा कानडी घरांत हा शब्द कोणासाठीं वापरतात, हें सांगावयास नको.

परंतु दुसर्‍याच्या मुलाचा अप्पा झालेला हा मनुष्य स्वतःच्या घरांत एकटा पडत चालला होता. शोरापूरला आल्यानंतर थोड्याच वर्षांत मेरी वारली. ज्या भूमींत तिच्या आजीचा व बापाचा जन्म गेला, त्याच भूमींत तिलाही विसांवा मिळाला. टेलरच्या दोन मुली राहिल्या. हिंदुस्थानांतील युरोपियन कुटुंबांची ती ठराविकच शोकांतिका होती: आई येथल्या मातींत, मुलें सातासमुद्रांपलीकडच्या नातलगांकडे आणि बाप कचेरींत. झेंगरच्या छापखान्यांत बायको व मुलगा धंद्याचे वांटेकरी झाले. टेलरच्या धंद्यांत कुटुंबाला जागाच नव्हती. राज्यकारभार हें वारसांना देतां येण्याजोगें दुकान नव्हे.

१८५३ सालीं त्याची बदली नळदुर्गला झाली, आणि त्या बदलीमागील कारण मोठें मासलेवाईक आहे. निजामाच्या राज्यांत इंग्रज अधिकार्‍यांच्या हाताखालीं कंटिंजंट नांवाची फौज ठेवलेली होती. तिचा खर्च निजामाच्या माथीं असे. तो थकत गेला, कर्जाचा डोंगर झाला, आणि लॉर्ड डलहौसीनें त्या कर्जापोटीं २१ मे १८५३ च्या तहान्वयें वर्‍हाड, रायचूर दुआब आणि धाराशीव-नळदुर्गकडील मुलूख कंपनीच्या ताब्यांत घेतला. ज्या फौजेच्या पगारासाठीं सासर्‍याच्या पेढीनें व्याजानें पैसे पुरविले, ज्या निजामी चाकरीचा पगार जावयानें इतकीं वर्षें खाल्ला, तिच्याच खर्चापोटीं हा जिल्हा गेला आणि त्याचा कारभार पाहण्यास तोच जावई आला! व्यक्तीचें प्रामाणिकपण एका बाजूला आणि ज्या यंत्राचा ती व्यक्ति भाग असते त्या यंत्राची गति दुसर्‍या बाजूला. या दोहोंचा संबंध नळदुर्गच्या दफ्तरांत जसा दिसतो, तसा क्वचितच कोठें दिसेल.

टेलरची व्यक्तिशः नियत चांगली होती, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. किल्ल्यांत राहून त्यानें जिल्ह्याच्या जमिनीची नीट मोजणी करण्याचें काम काढलें. कोणाची जमीन किती, तिची प्रत कोणती आणि तिच्यावर सारा किती, याचा खात्रीचा लेख नसला म्हणजे बळी तो कान पिळी हाच न्याय चालतो, हें त्यानें जाणलें होतें. तो स्वतः शास्त्र शिकून अभियंता झालेला नव्हता. कामापुरतें तें त्यानें पुस्तकांवरून आणि अनुभवावरून आत्मसात् केलें, आणि स्थानिक तरुणांना मोजणी शिकवून त्यांच्याकडून काम करून घेतलें. रस्त्यांकडे आणि पाण्याच्या सोयींकडे त्याचें लक्ष असे. अवर्षणाच्या या टापूंत पाणी अडविणें म्हणजे काय, हें ज्या माणसाच्या खिडकीखालीं आदिलशाही बांध उभा होता, त्याला निराळें शिकविण्याची गरज नव्हती.

नळदुर्गहून तुळजापूर जवळच. देवीचें तें क्षेत्र, तेथील यात्रा, पुजार्‍यांचीं घरें आणि घाटाखालचा मुलूख टेलरच्या मनांत ठसून राहिला. पुढें निवृत्तींत त्यानें जी ‘तारा’ नांवाची कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरच्या एका विद्वान ब्राह्मणाची बालविधवा कन्या आहे, आणि तिच्या कथेंत अफझलखानाची स्वारी व शिवाजीमहाराजांचा उदय आला आहे. १८६३ सालीं इंग्रजी वाचकांच्या हातीं पडलेल्या या पुस्तकांत मराठी माणसें केवळ रंगीत पार्श्वभूमि म्हणून येत नाहींत. तीं घरांत बसून बोलतात, भांडतात, नवस करतात. परक्या लेखकाला हें साधलें, तें चार वर्षें तो या मुलखांत केवळ हुकूम सोडीत बसला नव्हता म्हणून.

१८५७ च्या उन्हाळ्यांत उत्तरेकडे उठाव झाला. टेलरला नळदुर्गहून वर्‍हाडांत बुलढाण्याकडे पाठविण्यांत आलें. देण्यास फौज नाहीं, जमेल तसें सांभाळा, असा रेसिडेंटाचा निरोप होता. त्यानें वर्‍हाड शांत ठेवला. परंतु ज्या शोरापूरला त्यानें बारा वर्षें दिलीं होतीं, तेथें काय घडत होतें? व्यंकटप्पा आतां वयांत आला होता. १८५८ च्या फेब्रुवारींत तो इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. पराभव होतांच तो हैदराबादेकडे निसटला आणि तेथें पकडला गेला. आज शोरापूरच्या परिसरांत तो स्वातंत्र्यासाठीं लढलेला राजा म्हणून स्मरला जातो, आणि तें योग्यच आहे.

टेलर त्याला कैदेंत भेटला. ‘अप्पा’ म्हणून गळां पडणारा मुलगा आणि परकी सरकारचा अधिकारी यांची ती भेट. तिच्यांत कोण कोणाचा अपराधी, हें ठरविणें सोपें नाहीं. राजाला फांशीची शिक्षा झाली होती. ती कमी होत होत अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि त्याला मद्रासकडील चेंगलपेट येथें नेण्याचें ठरलें. वाटेंत पहारेकरी अधिकार्‍याच्या पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. आत्महत्या कीं अपघात, याविषयीं तेव्हांही एकमत झालें नाहीं. राजाच्या कुंडलींत चोविसाव्या वर्षीं मृत्यु लिहिला आहे, ही गोष्ट राजवाड्यांत गुप्त ठेवलेली होती आणि ती टेलरला ठाऊक होती. कुंडलीवर विश्वास असो वा नसो, ज्या मुलाला त्यानें वाढविलें, त्याला वांचविणें त्याच्या हातीं नव्हतें. परक्या राज्यानें जोडलेलें बापलेकाचें नातें त्याच राज्यानें तोडलें.

१८६० साल उजाडलें. टेलरची प्रकृति ढासळली होती, आणि त्यानें निवृत्ति घेतली. याच वर्षाच्या डिसेंबरांत झालेल्या नव्या तहानें इंग्रजांनीं धाराशीव-नळदुर्गचा मुलूख निजामाला परत केला, त्याचें सुमारें पन्नास लाखांचें कर्ज माफ केलें आणि राजा गमावलेलें शोरापूरही त्यालाच देऊन टाकलें. ज्या जिल्ह्याची मोजणी करण्यांत टेलरनें कष्ट वेंचले आणि ज्या संस्थानाचें कर्ज त्यानें फेडलें, तीं दोन्ही एका सहीनें दुसर्‍याच्या हातीं गेलीं. छत्तीस वर्षांच्या चाकरीनंतर त्याच्या हातीं उरल्या त्या आठवणी.

डब्लिनजवळ एका जुन्या घरांत त्यानें उरलेलें आयुष्य काढलें आणि त्या आठवणींचीं पुस्तकें केलीं. ‘तारा’नंतर ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या कादंबर्‍या आल्या. पहिली १६५७ च्या, दुसरी १७५७ च्या आणि तिसरी १८५७ च्या सुमारास घडते. शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें हिंदुस्थानच्या इतिहासाला लागलेलीं तीन वळणें दाखविण्याचा त्यांत हेतु आहे. ‘सीता’ या कादंबरींत एका इंग्रज अधिकार्‍याचा एका हिंदु विधवेशीं विवाह होतो. त्या काळच्या इंग्लंडांत असा विषय हाताळणें धाडसाचें होतें. पण फैज बक्षच्या नातीशीं ज्यानें संसार केला, त्याला हा विषय कल्पनेंतून शोधावा लागला नसेल, असें वाचकाच्या मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. चांदबिबीवरील त्याची अखेरची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ सालीं, प्रसिद्ध झाली.

उतारवयांत त्याची दृष्टि मंदावली. १८७५ सालीं उष्ण हवेंत बरें वाटेल या आशेनें त्यानें पुन्हां हिंदुस्थानची वाट धरली. येथें त्याला तापानें गांठलें. परत जात असतां, फ्रान्सच्या किनार्‍यावरील मेंतों या गांवीं १३ मे १८७६ रोजीं त्याचा अंत झाला. ज्या देशांत जन्मला तेथें नव्हे, ज्या देशांत राबला तेथेंही नव्हे, तर दोहोंच्या वाटेवर.

त्याच्या मृत्यूनंतर एक वर्षानें त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. तें सिद्ध करण्याचें काम त्याची मुलगी ॲलिस हिनें केलें. बापाच्या आयुष्यांतील शोरापूर, तुळजापूर, नळदुर्ग हीं नांवें तिनें एकेक करून जुळविलीं असतील. झेंगरच्या मुलाला बापाचा चालता छापखाना मिळाला. टेलरच्या मुलीला मिळालें तें एक हस्तलिखित.

टेलरला या मुलखानें परका म्हणून झिडकारलें नाहीं आणि त्यानेंही या मुलखाला परका मानलें नाहीं; तरी त्याचें घर येथें झालें नाहीं. भाषा शिकून, लोकांत मिसळून, कष्ट करून मनुष्य परभूमीशीं नातें जोडूं शकतो, याची तो साक्ष आहे. पण नातें टिकून घर व्हावयाचें, तर त्या भूमीच्या सुखदुःखांत बरोबरीनें उभें राहावें लागतें. वरून हुकूम देणार्‍याला तें साधत नाहीं, मग तो कितीही सज्जन असो. आजही आपल्या घरांतील मुलें दूरदेशीं जातात आणि तेथें संसार मांडतात. त्यांच्या मागें राहिलेल्या आईबापांना ‘तो तेथें रुजेल कां?’ हा प्रश्न छळीत असतो. त्याचें उत्तर पगाराच्या आंकड्यांत मिळत नाहीं. ज्या गांवीं तीं राहतात, त्या गांवच्या शेजार्‍यांना तीं आपलीं वाटतात कीं नाहीं, एवढ्यांतच तें आहे.

पावसाळ्यांत बोरी नदी दुथडी भरून वाहूं लागली म्हणजे नळदुर्गच्या बांधावरून नर-मादीचें पाणी आजही तसेंच कोसळतें. बांध घालणारे विजापूरकर गेले, निजाम गेला, कंपनी गेली. पाणीमहालांत उभें राहून तें पाणी पाहणारा टेलरसाहेबही गेला. मोजलेल्या जमिनी ज्यांच्या होत्या, त्यांचे वंशज मात्र अजून तेथेंच नांगर धरून आहेत.